पाड्याची हद्द

तळोद्याची सपाटी मागे टाकून, कोठारमार्गे चांदसैलीचा घाट चढून धडगावकडे निघाले आणि माथ्यावरच्या एखाद्या वळणाशी थांबून समोरचा मुलूख न्याहाळू लागले, म्हणजे देशावरच्या माणसाच्या मनात ‘गाव’ या शब्दासरशी जे चित्र उभे राहते, देवळाचा कळस, त्याच्या भोवती दाटीने बसलेली घरे, मधोमध चावडी, पिंपळाचा पार आणि सभोवार पसरलेले शिवार, त्यातले काहीही तेथे आढळत नाही. दिसतात ती टेकड्यांच्या उतारांवर, ज्याच्या त्याच्या शेतात, एकमेकांना हाक ऐकू जाईल इतक्या अंतराने उभी असलेली कुडाच्या भिंतींची घरे. त्यांच्या मधून गेलेल्या पायवाटा. बांधावरचे महू आणि आंबे. आणि दोन टेकड्यांच्या बेचक्यात, पावसाळा सरला की क्षीण होत जाणारा एखादा नाला. अशा पंधरावीस किंवा तीसचाळीस घरांचा मिळून एक पाडा होतो, कोठे त्याला फळी म्हणतात, आणि असे कित्येक पाडे एकत्र मोजून त्यांना सरकारदफ्तरी एक गाव असे नाव दिलेले असते. खुद्द धडगाव या तालुक्याच्या ठिकाणी जी नगरपंचायत आहे तिचे पूर्ण नाव ‘धडगाव-वडफळ्या-रोषमाळ बुद्रुक’ असे लांबलचक आहे. कारण नगर म्हणून जे एक धरले ते मुळात एक नव्हतेच.

गावाच्या भावी विकासाचा आराखडा गावानेच करावा, ही गोष्ट आता कोणी अमान्य करीत नाही. शासनाच्या परिपत्रकांत, प्रशिक्षणवर्गांत आणि भाषणांत तिचा उच्चार वारंवार होतो. परंतु सातपुड्याच्या या कुशीत दोनतीन वेळा हिंडून, सभांना बसून आणि जुनी कागदपत्रे चाळून माझ्या मनाने जे घेतले ते असे, की आराखडा करावयाचा तर आधी हद्द ठरली पाहिजे, आणि ती दोन अर्थांनी ठरली पाहिजे. आराखडा करणारे ‘आपण’ म्हणजे नेमके कोण, ही एक हद्द. आणि ज्या जमिनीचा, पाण्याचा व जंगलाचा आराखडा करावयाचा त्यांच्यावर आपला ताबा कोठवर पोचतो, ही दुसरी. या दोहोंपैकी एक जरी संदिग्ध राहिली, तरी उत्तमात उत्तम आराखडा कसा व्यर्थ जातो, याचे उदाहरण याच तालुक्यात घडलेले आहे आणि ते पुढे सविस्तर सांगावयाचे आहे.

त्याआधी थोडी मागची कैफियत. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे 1906 साली झाले आणि सातपुड्याचा हा भाग पश्चिम खानदेशात पडला. नर्मदेच्या दक्षिण तीरावरची ही डोंगररांग तोवर काठी, सिंगपूर, गव्हाळी, चिखली अशा मेवासी जहागिरींच्या आणि अक्राणी परगण्याच्या रूपाने ओळखली जात होती. पुढे त्या परगण्याला अक्राणी महाल म्हणू लागले, आणि तोच आजचा धडगाव तालुका. पश्चिम खानदेशाचा धुळे जिल्हा झाला, आणि त्यातून 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या जवळपास भरली, आणि त्यांत शंभरातील एकोणसत्तर माणसे अनुसूचित जमातींची, म्हणजे भिल्ल, पावरा, कोकणी, मावची, गावित, धानका अशा समाजांची होती. महसुली व्यवस्थेच्या या सगळ्या घडामोडींत अक्राणी आणि अक्कलकुवा येथील 73 गावे दीर्घकाळ ‘वनगावे’ म्हणूनच राहिली. वनगाव म्हणजे जंगलखात्याच्या जमिनीवर वसलेले गाव. तेथल्या रयतेने पिढ्यान्‌पिढ्या नांगरलेल्या शेताला सातबारा नाही, फेरफार नाही आणि मोजणीचा दगडही नाही. माणसे होती, शेते होती, देवांची स्थाने होती, पाटील, पुजारा, कारभारी आणि निरोप देत फिरणारा वारती अशी गावगाड्याची पुरी मांडणी होती. नव्हता तो केवळ कागद.

1958 साली विनोबांची भूदानयात्रा पश्चिम खानदेशात आली, तेव्हा या अक्राणी महालात ग्रामदानाचे मोठे वारे उठले, आणि विनोबांचे सहकारी दामोदरदास मुंदडा यांनी त्यानंतर याच डोंगरात कार्याला वाहून घेतले. जमिनीची खाजगी मालकी विसर्जित करून ती गावाच्या नावे करावी आणि गावाने एकमताने आपला कारभार चालवावा, हा ग्रामदानाचा आशय सातपुड्यातल्या माणसाला परका वाटण्याचे कारण नव्हते. शेताची निंदणी असो की घराचे छप्पर असो, पाड्यातल्या सर्वांनी एकाच्या कामाला जावे आणि त्याने त्या दिवशी सर्वांना जेवू घालावे, ही ‘लाह’ नावाची चाल त्यांच्यात होतीच. अडचण होती ती निराळ्याच ठिकाणी. दान द्यावयाचे तर आपल्या नावावर काही असावे लागते, आणि येथली पुष्कळशी जमीन तर कसणाऱ्याच्या नावावर चढलेलीच नव्हती. 1964 साली महाराष्ट्राने ग्रामदानाचा कायदा केला. त्या कायद्याला विदर्भातल्या मेंढा (लेखा) गावाने अर्धशतकानंतर नवा अर्थ दिला. पण अक्राणीतली ती पहिली लाट कागदाच्या अभावी डोंगरातच जिरून गेली, असे मला वाटते. तिचा संकल्प खोटा नव्हता.

आता बिलगावाची हकिकत. धडगाव तालुक्यात, नर्मदेला मिळणाऱ्या उदई नदीच्या काठी हे गाव आहे. नदी येथे खडकावरून अनेक धारांनी खाली झेपावते, म्हणून त्या धबधब्याला बाराधारी म्हणतात. शतकाच्या वळणावर, जेव्हा या गावात विजेचा खांब पोचला नव्हता आणि रात्री चिमणीच्या उजेडावरच भागवावे लागत होते, तेव्हा नर्मदा बचाव आंदोलनाच्या संपर्कातून केरळातील ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’ या संस्थेचे तरुण अभियंते येथे आले. याच संस्थेच्या मदतीने 2000 साली नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाच्या बुडितात येणाऱ्या शेजारच्या डोमखेडी गावात, एका ओहोळावर, केवळ 300 वॉटचे एक चिमुकले जलविद्युत यंत्र बसविण्यात आले होते, आणि धरणाविरुद्धच्या सत्याग्रहाच्या झोपडीत पहिल्यांदा दिवा लागला होता. बिलगावात मात्र मोठ्या पल्ल्याचा विचार झाला.

तो विचार कसा झाला हे पाहण्यासारखे आहे, कारण नियोजनाचा खरा पाठ तेथे आहे. वीज किती निर्माण होईल, हा अभियंत्याचा प्रश्न. ती कोणाला किती मिळावी, हा गावाचा. नदीच्या प्रवाहाला धबधब्याच्या वर बांध घालून अडवावयाचे, कालव्याने ते पाणी कड्याच्या टोकाशी असलेल्या टाकीत आणावयाचे, तेथून जाड नळाने ते वेगाने खाली सोडून टर्बाइन फिरवावयाचे आणि काम झालेले पाणी पुन्हा नदीलाच परत करावयाचे, अशी ती योजना. तिची क्षमता ठरली 15 किलोवॉट. गावात, पाड्यापाड्यांतून पसरलेली, सुमारे 180 कुटुंबे होती. हिशेब मांडला तर घरटी 83 वॉटच्या आसपास वाटा येतो. म्हणजे दोन दिवे लागावेत, आणि कोणी अधिक ओढू लागला तर शेजाऱ्याचा दिवा मंद व्हावा, इतकाच. जेथे वाटा इतका थोडा असतो तेथे वाटणीचा नियम घराघराला पटल्यावाचून एक दिवसही चालत नाही; आणि नदीकाठच्या पाड्याला आधी, वरच्या पाड्याला मागाहून, असा भेद केला तर योजना सुरू होण्यापूर्वीच मोडते. म्हणून तारा सर्व पाड्यांपर्यंत न्यावयाच्या असे ठरले. परदेशस्थ भारतीयांनी चालविलेल्या ‘असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट’ या संस्थेने पैशाचा भार उचलला. दगड, वाळू, खोदाई आणि बांधकाम यांचा भार गावाने श्रमदानाने उचलला, आणि आंदोलनाने खोऱ्यात चालविलेल्या जीवनशाळांची मुले त्या कामावर हातोहात दगड देत उभी राहिली. लाहेची जी चाल एका घराच्या छपरापुरती होती, ती येथे एका नदीच्या कामाला लागली. 2003 च्या आरंभी बिलगावात वीज आली.

तीन पावसाळे ती टिकली. सरदार सरोवराच्या भिंतीची उंची 110.64 मीटरांवरून 121.92 मीटरांपर्यंत नेण्यास 2006 च्या मार्चमध्ये परवानगी मिळाली, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात नर्मदेचा फुगवटा उदईच्या पात्रातून वर चढत चढत बिलगावच्या यंत्रघरापर्यंत येऊन पोचला. टर्बाइन पाण्याखाली गेले. हजारो गावांना वीज देण्याच्या नावाखाली बांधलेल्या धरणाच्या पाण्यात, ज्या एका गावाने स्वतःची वीज स्वतः निर्माण केली होती त्याचे यंत्र बुडावे, ही घटना मी किती वेळा आठवली तरी मन स्वस्थ होत नाही. त्या गावाचा आराखडा सर्व दृष्टींनी निर्दोष होता. एकमत होते, हिशेब होता, श्रम होते, तंत्र होते आणि वाटणीचा न्यायही होता. उदईच्या पाण्यावर मात्र गावाचा कोणताही लेखी हक्क नव्हता. आणि जेथे पाण्याची पातळी ठरविली जात होती, त्या दफ्तरात या यंत्राची नोंद करून घेणारा एकही रकाना नव्हता.

आराखडा वरून उतरतो तेव्हा तो कसा असतो, याचेही उदाहरण याच प्रकल्पात मिळते. नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा 1979 च्या डिसेंबरात झाला. त्याने बुडितग्रस्तांसाठी नव्या वसाहती कशा असाव्यात याचा तपशीलवार तक्ता दिला आहे: दर शंभर कुटुंबांमागे तीन खोल्यांची एक प्राथमिक शाळा, दर पाचशे कुटुंबांमागे एक पंचायतघर, एक दवाखाना, एक बियाण्याचे कोठार, एक बालोद्यान आणि एक गावतळे, दर पन्नास कुटुंबांमागे हौदासह एक पिण्याच्या पाण्याची विहीर आणि एक पार, आणि प्रत्येक कुटुंबाला साठ फूट बाय नव्वद फुटांची घरजागा. या निवाड्याबद्दल मला आदरच वाटतो, कारण चतुर्थांशाहून अधिक जमीन गमावणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन मिळाली पाहिजे, असे म्हणणारा तो आपल्या देशातील त्या काळचा असाधारण दस्तऐवज आहे. महाराष्ट्रातील बुडिताची 33 गावे, 24 अक्राणीची व 9 अक्कलकुव्याची, आणि त्यांत अग्रभागी असलेले मणिबेली, यांतील बरीच कुटुंबे पुढे तळोदे तालुक्यात सोमावल, रोझवा अशा ठिकाणी वसविण्यात आली. त्यांच्याकरिता तळोद्याचे सुमारे 4,200 हेक्टर जंगल टप्प्याटप्प्याने मोकळे करण्यात आले. त्या वसाहतींतून चालताना रस्ते काटकोनात छेदताना दिसतात आणि घरे एका ओळीत उभी राहिलेली दिसतात. पार आहेत, शाळा आहेत, हापसे आहेत. पण तक्त्यात पाडा नाही. ज्या कुटुंबाने शेजारी म्हणून एका नाल्याच्या पलीकडचे घर जाणले होते, ज्याची गुरे घराच्या मागल्या अंगाला जंगलात चरत होती, ज्याचा वाघदेव उतारावरच्या एका ठराविक झाडाखाली होता, त्याला साठ बाय नव्वदच्या चौकटीत आपले जुने शेजार पुन्हा मांडता येत नाही. विहिरीचे प्रमाण सांगता येते; लाहेला कोणाकोणाला बोलवावयाचे, हे प्रमाणात सांगता येत नाही.

बिलगावचे यंत्र ज्या वर्षी बुडाले, त्याच 2006 च्या डिसेंबरात संसदेने वनहक्कांचा कायदा संमत केला. दोन्ही गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नव्हता. तरीही अक्राणीत हिंडताना त्या एकत्र आठवल्यावाचून राहत नाहीत, कारण बिलगावला जे नव्हते ते या कायद्याने, निदान जंगलापुरते, देऊ केले. शेतजमिनीचा वैयक्तिक दावा तर त्यात आहेच. पण त्याहून दूरगामी आहे तो सामूहिक वनहक्क. गाव पूर्वापार ज्या जंगलाची वहिवाट करीत आले, ज्याचे त्याने रक्षण केले, त्या जंगलाच्या रक्षणाचा, पुनर्निर्माणाचा आणि व्यवस्थापनाचा अधिकार ग्रामसभेला मिळतो. ‘गाव’ म्हणजे कोणते, हेही या कायद्याने आणि त्याच्या आधीच्या, अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या 1996 च्या पेसा कायद्याने स्पष्ट केले. दिलीपसिंह भुरिया समितीच्या शिफारशींवरून झालेल्या पेसा कायद्याने गावाची व्याख्या वस्ती, वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह अशी केली, ज्यात एक समाज राहतो आणि आपल्या रूढी-परंपरांनुसार आपले व्यवहार चालवितो. महसुलाच्या दफ्तरात जे कधी नव्हते ते येथे कायद्याच्या भाषेत आले. महाराष्ट्राने त्याचे नियम 4 मार्च 2014 रोजी केले, आणि त्यांत, पाड्यातील निम्म्याहून अधिक मतदारांनी ठराव करून मागणी केली तर उपविभागीय अधिकाऱ्यांमार्फत चौकशी होऊन त्या पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करण्याची रीत घालून दिली. 2015 साली, आदिवासी उपयोजनेच्या निधीपैकी किमान पाच टक्के रक्कम अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय झाला. आणि ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने ग्रामपंचायतींचे विकास आराखडे करण्याची मोहीमही त्याच वर्षी निघाली.

पाड्याला गाव म्हणून उभे राहता आले तर काय पालटते? साधी गोष्ट आहे. सात-आठ पाड्यांची एकच ग्रामसभा, ती रस्त्याकाठच्या मुख्य पाड्यातल्या शाळेत, आणि वरच्या पाड्यातून तेथवर उतरायला दोन तास. तेव्हा सभेला येणारे बहुधा खालचेच असतात, आणि आराखड्यात येणारी कामेही खालचीच. शाळेची भिंत, समाजमंदिर, काँक्रीटचा रस्ता, पुन्हा त्या रस्त्याचे मजबुतीकरण. यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. जो समोर बसलेला असतो त्याची गरज ऐकू येते, एवढेच.

धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यात अशी एक सभा मी होळीनंतरच्या दिवसांत पाहिली. महूच्या झाडाखाली, रात्रभर पडलेली फुले सकाळी वेचून झाल्यावर, माणसे बसली. सारवलेल्या अंगणात दोन शिकलेल्या तरुणांनी चुलीतल्या राखेने पाड्याचा नकाशा काढावयास घेतला: नाला, पायवाटा, घरे म्हणजे दगड, जंगलाची कड म्हणजे पळसाच्या डहाळ्या. पाण्याची जागा दाखविण्यासाठी त्यांनी अंगणवाडीजवळच्या हापशावर निळ्या रंगाची चिमूट टाकली आणि ते पुढे सरकले. तेव्हा मागे बसलेल्या बायकांत कुजबूज झाली. एक वयस्कर आजी उठली, नकाशाच्या कडेने फिरून हापशाशी आली, आणि तो निळा रंग तिने पायाने पुसला. चैत्र लागला की हापसा कोरडा पडतो, हे तिने पावरीत सांगितले ते मला शेजारच्याने मराठीत समजावले. मग तिने नाल्याच्या वाकणावर, जेथे वाळूत खड्डा करून झिरा काढतात, तेथे बोट टेकले आणि तेथून आपल्या घरापर्यंत राखेची एक रेघ ओढली. बाकीच्या बायकाही उठल्या. प्रत्येकीने आपल्या घराच्या दगडापाशी मक्याचे दाणे ठेवले. उन्हाळ्यातल्या एका दिवसात झिऱ्यावर जितक्या खेपा होतात तितके दाणे. कोणाचे चार, कोणाचे सहा. वरच्या तीन घरांचे आठ-आठ. नकाशा काढणारे तरुण थांबले. ग्रामसेवकांच्या वहीत तोवर पहिल्या क्रमांकावर पाड्यातला जोडरस्ता लिहिलेला होता. तो कोणी खोडा म्हटले नाही. पण दाणे पाहून झाल्यावर नाल्यावरचे दगडी बांध आणि झिऱ्याच्या जागी बांधीव विहीर ही कामे त्याच्या वर चढली, आणि बांधाचे काम रोजगार हमीतून घेतले तर पाड्याला मजुरीही मिळेल, हे त्याच ओघात निघाले.

सामूहिक वनहक्क मिळालेल्या पाड्यांच्या वनव्यवस्थापनाच्या आराखड्यांत हीच दृष्टी जंगलाकडे वळलेली दिसते. महू, चारोळी, तेंदू, बांबू, आंबा, डिंक, गवत. कोणते जंगल किती वर्षे चराईला बंद ठेवावयाचे. वणव्याच्या पूर्वी जाळरेषा कोणी काढावयाची. कोणत्या उतारावर पुन्हा झाडे लावावयाची आणि ती कोणती. या गोष्टी अक्राणीच्या माणसाला शिकवाव्या लागत नाहीत. धडगावची कैरी सोलून, चिरून, उन्हात वाळवून जो आमचूर होतो, त्याच्या एका मोसमावर कित्येक घरांचे वर्षाचे मीठमिरची चालते. त्यामुळे बांधावरचे आंबे आणि जंगलातले आंबे यांची मोजदाद बायकांच्या तोंडी असते. बायफ या संस्थेने याच तालुक्यात देशी वाणांच्या जतनाचे काम उभे केले, तेव्हा मका आणि ज्वारीची जी विविध वाणे पुढे आली ती घराघरांच्या कणग्यांतूनच आली. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने, चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने, उजाड डोंगर राखून जंगल पुन्हा उभे केले आणि 2025 साली पवारांना पद्मश्री मिळाली; 1998 पर्यंत तो पाडा आणि ही अक्राणी एकाच जिल्ह्यात होती, आणि डोंगरातल्या माणसाला ती वाट आजही परकी नाही. मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा गडचिरोलीत कोणी त्याला बांबू कसा तोडावा हे शिकविले नव्हते. शिकविण्यासारखे काही असेल तर ते हिशेबवही, वाहतूक परवाना, निविदा आणि बँकेचे खाते, एवढेच.

एका गोष्टीबद्दल मात्र मला स्पष्ट आणि तक्रारीच्या सुरात लिहिणे भाग आहे. ती म्हणजे सभांचे पंचांग. ग्रामसभांचे ठरलेले दिवस 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. आणि गावाच्या विकास आराखड्याची देशव्यापी मोहीम गेली काही वर्षे 2 ऑक्टोबरपासून पुढचे काही महिने चालते. आता अक्राणीचे वर्ष पाहा. खरिपाचा दाणा घरात आला, की येथली माणसे बायकापोरांसह सुरत, बारडोलीकडे ऊसतोडीला निघतात. ट्रक घाट उतरू लागतात, शाळेतले पट गळू लागतात आणि पाड्यांवर म्हातारी माणसे राहतात. म्हणजे ज्या महिन्यांत गावाने आपल्या भविष्याचा आराखडा करावयाचा, त्यांतल्या बऱ्याच काळात गाव गावात नसते. आणि 26 जानेवारीला झेंडा वर जातो तेव्हा ज्यांच्या नावे ठराव व्हावयाचे ते गुजरातेतल्या उसाच्या फडात कोयता चालवीत असतात. वनहक्काच्या नियमांनी तर सभेला किमान निम्मे सभासद आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया हजर असल्या पाहिजेत, असा दंडक घातला आहे. तो दंडक योग्यच आहे. पण तो पाळावयाचा तर सभेचा दिवस मंत्रालयाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरावरून ठरवून चालणार नाही.

आणि दिवस ठरविण्याची कला या डोंगरात आहे. आपण दिवाळी एका तिथीला करतो. सातपुड्यातल्या आदिवासी गावांची दिवाळी गावोगाव निरनिराळ्या दिवशी होते. पिके निघाली, की गावातली जाणती माणसे बसतात, पाटील आणि पुजारा असतात, आणि आपल्या गावाची दिवाळी कोणत्या दिवशी, हे ठरते. शेजारच्या गावाचा दिवस निराळा असावा, म्हणजे पाहुण्यांना येता यावे, हेही पाहिले जाते. वारती घराघरांतून निरोप पोचवितो. काठीच्या राजवाडी होळीला आणि त्याआधीच्या भोंगऱ्या बाजारांना गुजरातेत गेलेली माणसे मिळेल त्या वाहनाने परत येतात. त्यांना बोलावण्यासाठी सूचनाफलकावर नोटीस लागत नाही. गावाची कामे, गावाचे वाद आणि गावाचे सण यांचे नियोजन येथे असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, आणि त्यात कोणाला वगळले तर सण अपुरा राहतो, ही जाणीव सर्वांना आहे.

त्या महूच्या झाडाखालची सभा होळीनंतर भरली होती, हा योगायोग नव्हता. आदल्या सभेत, माणसे फडावर जाण्याआधी, पाड्याने तो दिवस स्वतःच ठरविला होता. सभा उठली तेव्हा दुपार झाली होती. ग्रामसेवकांनी ठराव वाचून दाखविला, सह्या झाल्या, ज्यांना सही येत नव्हती त्यांचे अंगठे उमटले. राखेचा नकाशा वाऱ्याने विस्कटण्यापूर्वी एका तरुणाने तो मोठ्या कागदावर उतरून घेतला. आजीने वाकून आपल्या दगडापाशीचे मक्याचे आठ दाणे उचलले, पदराला बांधले, आणि ती झिऱ्याकडे जाणाऱ्या वाटेला लागली.